दगडूचं बाळसं

शिमग्याची राख थंड झाली की आमच्या बदलापूरच्या इमारतीच्या गच्चीवर पापड वाळायला येतात. कुणाचे उडदाचे, कुणाचे पोह्याचे, आणि हल्ली निम्मे तर आयते मागवलेले, नुसतं ऊन दाखवायला वर आणलेले. मी गेले की त्यातला एखादा अर्धवट वाळलेला पापड उगाचच बोटाने दाबून बघते. आत हवा धरली असेल तर तो हलकेच कुरकुरतो. तो आवाज ऐकून मला भूक लागत नाही, मला कोंबडीचं एक पिल्लू आठवतं. पापडावरून कोंबडी कशी काय आठवते, असं माझी मुलगी विचारते. मी म्हणते, आजीला विचार. आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीत बसून कावळे हाकत असतात. त्या म्हणतात, "त्याचं नाव काढू नका, दृष्ट लागेल." पिल्लू जाऊन एवढी वर्षं लोटली, पण त्याला दृष्ट लागायची भीती अजून गेलेली नाही.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि माझं लग्न होऊन दोन उन्हाळे झाले होते. आमच्या गल्लीत सकाळपासून शिलाई मशिनींची खडखड चालायची. कुठे पँटी शिवल्या जायच्या, कुठे त्यांना काज-बटणं व्हायची, आणि गल्लीभर नव्या कापडाचा कडक वास भरून राहायचा. उन्हाळ्यात त्या वासात मिरीचा वास मिसळायचा, कारण शेजारच्या लाजोकाकी खाटांवर सिंधी पापड वाळत घालायच्या. दुपारी डोक्यावरचे पत्रे तापले की आम्ही बायका खोलीतून उठून त्यांच्या ओसरीत जाऊन बसायचो. हिरवं म्हणावं असं काही तिथे नव्हतं. नळाला येणारं पाणी तेवढं बारवी धरणाचं, म्हणजे माझ्या माहेरचं. ते रोज सासरी यायचं. मला मात्र माहेरी जायला सण लागायचा.

त्या वर्षी शिमग्याला गेले होते. आमचं गाव धरणाच्या अलीकडे, भातशेतीचं. आईच्या कोंबडीने पिल्लं काढली होती आणि ती सगळ्यांना घेऊन अंगणात मिरवत होती. एक अंडं मागाहून फुटलं. त्यातलं पिल्लू ओलंचिंब, एका पायावर भार देऊन उभं राहिलेलं. आईने ते माझ्या ओंजळीत टाकलं आणि म्हणाली, "बाय, यो मागं रायला. कोंबरी याला जवल घेत नाय. नेतंस त ने." मी ते टोपलीत घातलं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि एसटीने थेट विठ्ठलवाडीच्या डेपोत उतरले. सबंध वाटभर ते टोपलीतून माझ्याशी बोलत होतं. कॅम्प चारमध्ये माझ्याशी आमच्या बोलीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

सासूबाईंनी टोपलीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे इथे चालणार नाही." मग थोडं थांबून, "आजचा दिवस राहू दे." माझं लग्न ठरताना माझ्या मामाने त्यांना ठोकून दिलं होतं की पोरीला गुराढोरांचं, कोंबड्यांचं सगळं कळतं. खरं तर कोंबड्या आईच्या. एकदा एका कोंबड्याने मला विहिरीपर्यंत पळवलं होतं, एवढीच माझी विद्या. पण मामाचा शब्द आणि माहेरची अब्रू, दोन्ही आता त्या मूठभर जिवावर टेकलेली. सासूबाई विचारायच्या, "याला पाणी किती द्यायचं?" मी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "बेताने."

आजचा दिवस राहू दे, असं करत करत पिल्लू राहिलं. सासूबाई घरीच पँटी शिवायच्या, आणि पिल्लू मशीनच्या पायाने हलवायच्या पायट्याजवळ, त्यांच्या पावलांच्या उबेला जाऊन बसायचं. त्या शिवता शिवता खाली वाकून बोलायच्या, "सरक रे बाबा, पाय आहेत ते, कोंबडी नाही." मग एके दिवशी त्यांनी त्याचं नाव ठेवलं. मुलं जगत नसली की जुन्या बाया मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवायच्या, म्हणजे कुणाचं लक्ष जाऊ नये. त्या न्यायाने आमच्या पिल्लाचं नाव पडलं दगडू. हातात घेतलं तर आहे की नाही कळू नये असा तो दगडू.

आणि मग दगडूने बाळसं धरलं.

आधी पंखाखाली जरा भरल्यासारखा झाला, मग मान आखडली, मग छाती पुढे आली. दोन-तीन दिवसांत त्याचा आकार मोसंबीएवढा झाला. पिसं विरळ होऊन मधून गुलाबी कातडी दिसायला लागली, तान्ह्या बाळाच्या मांडीसारखी ताठ आणि चकचकीत. पंगतीत आग्रह झालेला पाहुणा उठताना जसा दोन्ही हात बाजूला धरून उठतो, तसे पंख धरून तो चालायचा. लाजोकाकी लाटणं हातात तसंच ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अडे, ये तो डबल हो गया. भाभी, क्या खिलाती हो?"

"कुठलं हो," सासूबाई म्हणाल्या. "खातच नाही मेलं. रोडावलंय बघा किती."

असं त्या अशा सुखाने म्हणाल्या की मीही खूश झाले. घरात आल्यावर त्यांनी लगेच दार लोटलं, मीठ-मोहऱ्या, मिरच्या घेतल्या आणि दगडूची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हा दोघींना लागला, दगडूला शिंका आल्या. त्यानंतर त्याच्या गालावर, म्हणजे डोळ्याखाली जिथे गाल असावा असं वाटलं तिथे, काजळाची तीट लावली. पिवळ्या पिसांवर काळा ठिपका लावून तो गल्लीत हिंडायला लागला. रोज कुणी ना कुणी थांबून बघायचं, आणि रोज सासूबाई त्याला रोडावलाय म्हणायच्या. कण्या कशा भिजवायच्या, कोमट पाणी कसं द्यायचं, हेही वर ऐकवायच्या. त्यातलं "बेताने" तेवढं माझं होतं.

ही कीर्ती फार दिवस टिकली नाही. लाजोकाकींकडे पापडाचं पीठ तोलायचा तराजू होता. पिल्लू आलं त्या दिवशी त्यांनी गमतीने त्याला पारड्यात बसवलं होतं आणि ते दोन लाट्यांएवढं भरलं होतं. आता सासूबाईंच्याच मनात आलं की एकदा बघू तरी. गल्लीतल्या चार बायका जमल्या. दगडू पारड्यात बसला, पारडं भरून वर उरला. लाजोकाकींनी दुसऱ्या पारड्यात एक लाटी टाकली, मग दुसरी टाकली, आणि तिसरी उचलायच्या आत काटा सरळ झाला. लाजोकाकींनी तराजू झटकला, परत धरला. परत दोनच. मग त्यांनी एक बोट दगडूच्या छातीवर दाबलं, आणि अर्ध्या वाळलेल्या पापडासारखा कुर्रकुर्र आवाज आला.

"भाभी," त्या फार हळू आवाजात म्हणाल्या, "इसमें माल नहीं है. खाली पॅकिंग है."

सासूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. गल्लीत फजिती झाली याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी दगडूला पदरात घेतलं आणि तडक घरी आल्या. तो चोच उघडी ठेवून श्वास घेत होता. दाणा टिपायला वाकला की गडगडत जायचा आणि उताणा पडून पाय हलवायचा. आम्ही इतके दिवस त्याला हसत होतो, ते त्याचे हाल होते.

पोटात वारा धरला, असं निदान झालं. घरात तान्हं मूल फुगलं तर काय करतात, हे आपल्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. बेंबीभोवती हिंग. सासूबाईंनी हिंग कोमट पाण्यात कालवला, मी दगडूला मांडीवर उताणा धरला आणि आम्ही दोघी बेंबी शोधू लागलो. पिसं बाजूला करून बघितली, फुंकर मारून बघितली. सासूबाईंनी शिवणाचा चष्मा लावला. तेवढ्यात अंबरनाथच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून हे घरी आले. दोघींची डोकी एकत्र, मध्ये पिल्लाचे पाय वर.

"काय शोधताय?"

"बेंबी," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि ते चहा प्यायला नाक्यावर निघून गेले.

शेवटी अंदाजाने मधोमध हिंग लावला. मी काही बोलले नाही, कारण तज्ज्ञ मी होते. दगडूने मागे वळून चोचीने हिंग टिपला आणि तोंड वाकडं केलं. वारा सरला नाही.

मग आम्ही अंबरनाथच्या बाजूला गुरांचा दवाखाना होता तिथे गेलो. सासूबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, कारण डॉक्टरकडे जाताना घरातलं नेसून जायचं नसतं. समोर दोन म्हशी आणि एक तापट बोकड रांगेत. म्हशीवाला भय्या पदराच्या आत बघून म्हणाला, "बच्चा है, आगे जाने दो," आणि म्हशीला मागे सारलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दगडूला हातात घेऊन दाबलं, तो कुरकुरला.

"याचं पोट बरं आहे," डॉक्टर म्हणाले. "पक्ष्यांच्या आत हवेच्या पिशव्या असतात. त्यातली एक फुटली. श्वास घेतला की हवा कातडीखाली जाते, तिला बाहेर यायला वाट नाही. कुठे दबलं होतं का?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. सासूबाईंचा पाय आपोआप जमिनीवर वर-खाली झाला, मशीनवर असल्यासारखा, आणि थांबला.

"उकळलेल्या सुईने कातडीला टोचा, हवा काढा," डॉक्टर सांगत होते. "परत भरेल, परत काढा. आतली जखम भरली की फुगायचं थांबेल."

"आणि नाहीच भरली तर?"

डॉक्टरांचं लक्ष म्हशीकडे गेलं होतं. ते सहज म्हणाले, "मग दुसरं आणा. पिल्लांना काय तोटा?"

परत येताना सासूबाईंनी दगडूला पदराआड धरलं होतं. विठ्ठलवाडी आल्यावर म्हणाल्या, "दुसरं आणा म्हणे. मडकं आहे का?"

आमच्या घरात एक वेळ साखर संपायची, पण सुया कधी संपल्या नाहीत. मशीनच्या, हाताच्या, गोधडीच्या. त्यातली बारीकशी निवडून सासूबाईंनी चहाच्या पातेल्यात उकळली आणि माझ्यापुढे धरली. हजारो पँटींना टोचलेला त्यांचा हात, पण सुई त्यांनी माझ्याच हातात कोंबली. "तूच टोच," त्या म्हणाल्या. "तुला सवय असेल." मामाचं ते बोलणं शेवटी असं माझ्याच हातावर येऊन पडलं. त्यांनी दगडूला धरलं आणि डोळे मिटून घेतले. मीही मिटणार होते, पण एकीला तरी बघायला हवं होतं. पंखाखाली कातडी चिमटीत धरून टोचली. रक्त नाही, काही नाही. बारीक फुस्स असा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत दगडू लहान होत गेला. कातडीला सुरकुत्या पडल्या. तीट गालावरून मानेवर आली. सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या तळहातावर, आला त्या दिवशी होता त्याहून जेमतेम मोठा, हाडकुळा, थकलेला एक जीव बसला होता.

"एवढंसंच होतं होय गं?" त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

एवढ्याशासाठी आपण काय काय केलं, असं त्यांना वाटलं असेल. किंवा आपण ज्याला बाळसं म्हणत होतो त्यात काहीच नव्हतं, असंही. मला तेव्हा त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती लग्नाच्या मांडवात वाटली नव्हती. आई म्हणायला सांगितलं म्हणून मी त्यांना आई म्हणत होते, त्या दिवसापासून ते मनापासून म्हणायला लागले.

संध्याकाळपर्यंत दगडू परत फुगला. मग तो घरातला नेमच झाला. सकाळी चहाबरोबर सुई उकळायची, हवा काढायची, तो जरा टिपून घ्यायचा, दुपारपर्यंत गोल व्हायचा, दिवेलागणीला परत सुई. नाक्यावरचा सायकलवाला आमच्या दारावरून जाताना यांना विचारायचा, "हवा मी बघू का?" सासूबाईंनी मशीनला हात लावायचं सोडलं. पायट्याकडे बघवत नाही म्हणायच्या. पँटींचे गठ्ठे तसेच पडून, कारखान्याचा माणूस दारात उभा राहून ओरडायचा, आणि त्या त्याला शांतपणे सांगायच्या, "घरात आजारपण आहे." खोटं नव्हतं.

त्याच दिवसांत सासूबाईंची मावसबहीण कल्याणहून आली. लग्नाला दोन वर्षं झालेल्या घरात अशी एक बाई येतेच. चहा झाला, उन्हाळ्याचं बोलून झालं, आणि मग ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "अजून काही नाही? दाखवलंत का कुठे?" मी दगडूला धरून बसले होते. आता आम्ही कामं बदलली होती, सुई सासूबाईंच्या हातात असायची. मावशी म्हणाली, "बघ बाई. आमच्या शेजारच्यांनी किती वाट बघितली, शेवटी दुसरी आणली मुलाला. घरात पाळणा हलायला हवा ना." माझे हात गार पडले. दगडूला ते कळलं असावं, तो ओरडला.

सासूबाईंनी हवा काढली. पूर्ण काढली, बोटाने शेवटची कुरकुर संपेपर्यंत. मग सुई कापडाला पुसून म्हणाल्या, "दुसरं आणा म्हणणारा एक डॉक्टर परवाच भेटला. तू शिकलेली पण नाहीस, तरी तेच बोलतेस. ऊठ वनिता, मावशींना बसपर्यंत सोडून ये. उशीर होतोय त्यांना."

उशीर कसला, भर दुपार होती. मी मावशींना बसपर्यंत सोडलं. परत आले तेव्हा सासूबाई दगडूला कण्या भरवत होत्या. त्या विषयावर त्या कधी काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढे बरीच वर्षं वाट बघावी लागली तेव्हाही नाही. अखेर आमची मुलगी झाली. तिचं पहिल्यांदा पोट धरलं तेव्हा सासूबाई हिंगाची वाटी घेऊन बसल्या आणि एका दमात बेंबी सापडली म्हणून त्यांना कोण आनंद. "हिचं सोपं आहे," असं त्या बाळंतिणीला बघायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या. ऐकणाऱ्यांना काहीच अर्थबोध व्हायचा नाही.

दगडू बरा कधी झाला ते सांगता येत नाही. मोठी दुखणी वाजत येतात आणि जाताना सांगत नाहीत. एका संध्याकाळी सुई उकळून सासूबाई बसल्या आणि टोचायला काही मिळेचना. त्यांनी सगळीकडे दाबून बघितलं. कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लाजोकाकींचा तराजू परत आला, आणि या वेळी काटा लाट्यांवर लाट्या मागत गेला. "अब माल है," लाजोकाकींनी जाहीर केलं आणि एक मिरीचा पापड भाजून सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. सासूबाईंनी त्या दिवशी मशीन सुरू केलं. आधी खाली वाकून बघायचं, हाताने चाक अर्धं फिरवायचं, मग पाय ठेवायचा. ही सवय त्यांची मशीन विकेपर्यंत सुटली नाही, आणि मशीनखाली तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

दगडूचा कोंबडा झाला. तुरा वगैरे व्यवस्थित, पण आवाजात खोट राहिली. आरवायला लागला की सुरुवात जोरात, आणि मध्येच हवा संपल्यासारखा खाली यायचा. सबंध गल्ली जागी होऊन पुढच्या अर्ध्या आरवण्याची वाट बघत पडून राहायची. त्यात तो लाजोकाकींच्या खाटेवर चढून पापडांवरून चालायला लागला. शेवटी सासूबाईंनीच ठरवलं, याला गावी पोचवायचं. कापायचा विषय आमच्या घरात निघालाच नाही. आम्ही कोंबडी खाणारी माणसं, आठवड्याला आणत होतो. पण ज्याला हिंग लावला त्याला मसाला कोण लावणार?

पोचवायला त्या स्वतः आल्या. लग्न झाल्यापासून माझ्या माहेरी पहिल्यांदाच. बदलापूरहून धरणाकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसल्या, मांडीवर टोपली, टोपलीतून दगडूची मान. आईला कळवलं नव्हतं, त्यामुळे विहीणबाई अंगणात उभ्या बघून तिची धांदल उडाली. हातातलं सूप टाकून तिने डोक्यावर पदर घेतला. अंगणभर तिच्या कोंबड्या, पायात पायात पिल्लं. सासूबाई कुठे पाय ठेवावा म्हणून जागीच थांबल्या आणि त्यांनी खाली वाकून बघितलं.

मग बसल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. फुगणं, तराजू, दवाखाना, सुई. याला गार पाणी सोसत नाही. कण्या भिजवून लागतात. आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. तिला हसू येत होतं आणि विहिणीपुढे हसता येत नव्हतं. शेवटी न राहवून म्हणाली, "विहीनबाय, असा फुगलेला पिलू आमी नाय बघत बसत. जगला त जगला, नाय त गेला. एवरी पिलां हान. तुमी एकासाठी येवरा केलाव?"

सासूबाईंनी अंगणाकडे बघितलं. दगडू टोपलीतून उतरून कोंबड्यांच्या घोळक्यात शिरला होता आणि आता कुठला आमचा ते ओळखू येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले होते. त्यांनी न बघताच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमच्याकडे खूप आहेत हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एकच होतं."